डावीकडची पाखरं

४ सप्टेंबर, कार्ले

आबांनी आज पुन्हा अर्धीच दाढी केली. उजवा गाल गुळगुळीत, डाव्या गालावर साबण तसाच वाळलेला. आरसा समोर धरला तर म्हणाले, "झाली की. आता काय कातडं सोलू?"

मे महिन्यात त्यांना मेंदूचा झटका आला. त्यातून वाचले, काठी घेऊन चालतात, बोलणं स्वच्छ आहे. पण डावी बाजू गेली. डोळे गेले नाहीत, बाजूच गेली. ताटातली उजवीकडची भाकरी संपवतात आणि डावीकडची भाजी तशीच ठेवून "कोरड्यास न्हाई वाढलं व्हय?" म्हणून चिडतात. तळेगावच्या डॉक्टरांना मी विचारलं, आबांना डावीकडे काळोख दिसतो का? ते म्हणाले, "तुमच्या पाठीमागे आत्ता काय दिसतंय? काळोख दिसतोय? काहीच नाही ना? तसं. मेंदू तिकडची दखलच घेत नाही. त्यामुळे काही हरवलंय हेही त्यांना कळत नाही."

लोणावळ्याहून तेजल मॅडम व्यायाम करवून घ्यायला येतात. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय, आबांच्या डाव्या अंगाला बसा, डावीकडूनच बोला, म्हणजे मान वळवायची सवय लागेल. माझ्याच्याने होत नाही. डावीकडून दहा वेळा हाक मारायची आणि त्यांनी भिंतीकडे बघत बसायचं, हे सहन होत नाही. मी आपली उजवीकडे जाते.

पण एक चांगलं झालंय. आबा माझ्याशी बोलायला लागलेत. इतक्या वर्षांत बोलले नसतील एवढं या चार महिन्यांत बोलले. आईशी मात्र त्यांचं बोलणं तुटल्यासारखं झालंय. आईही कॉटच्या पलीकडे शेंगा निवडत, काहीबाही पुटपुटत बसून असते. थकलीय बहुतेक. जरा अलीकडे येऊन बस म्हटलं तर "हितंच बरी हाय" म्हणते.

९ सप्टेंबर

मी गेमसाठी डोंगर, झाडं, वाड्या-वस्त्या उभ्या करते. बाणेरच्या कंपनीने मे महिन्यापासून घरून काम करायची परवानगी दिलीय. आज काम करताना सुचलं ते अमृतला फोन करून सांगितलं. अमृत आमच्या टीमचा प्रोग्रॅमर. मी म्हटलं, आबांसाठी एक खेळ करायचाय. डोळ्यांवर हेडसेट चढवला की ते शेतात राखणीच्या माळ्यावर उभे. हातात गोफण. भात निसवलेलं, लोंब्यांवर पाखरं येतायत. आधी उजवीकडून येतील, मग समोरून, मग हळूहळू डावीकडून. मारायची तर मान वळवावीच लागेल.

अमृत म्हणाला, "समीक्षा, हे भारी आहे. हे फक्त तुझ्या वडिलांपुरतं नाही." शनिवारी बसून सुरुवातीचं करून देतो म्हणाला.

शेत आमचंच घेते. फोनवर पुष्कळ फोटो आहेत.

१६ सप्टेंबर

शेत झालं. लेण्यांचा डोंगर मागे बरोबर बसला. शेजारच्या रानातलं रिसॉर्ट काढून टाकलं, त्याचा निळा तलाव डोळ्याला फार खुपतो. हायवेचा आवाजही काढला. आता फक्त वारा आणि पाखरं. आबांच्या तरुणपणी असंच असणार. सकाळचं ऊन भातावर तिरपं पडतं तो रंग जमायला चार दिवस लागले, पण जमला.

आईला दाखवते म्हटलं तर म्हणाली, "मला कशाला? मी रोज बघती की."

१८ सप्टेंबर

आबांनी हेडसेट घातला. पहिल्यांदा खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. मग म्हणाले, "आयला! ह्यो तर आपला वरचा तुकडा."

एवढंच. पाखरं आली तशी त्यांची उजवी मूठ आपोआप डोक्यावरून फिरली. मी गोफण फिरवायची हालचाल इंटरनेटवर बघून केली होती. ते म्हणाले, "दोरी लय लवकर सुटती. कोण येडा फिरवतोय?" दुपारी अमृतने ती बदलून दिली.

उजवीकडची सगळी पाखरं मारली. डावीकडच्या पाखरांनी अख्खी खाचरं खाल्ली आणि आबा खूश होऊन म्हणाले, "एक बी दाणा जाऊ दिला न्हाई."

२५ सप्टेंबर

आठवडाभर तेच. समोरून थोडी डावीकडे पाखरं आली की दिसतात, त्यापलीकडे नाही. लाल बाण दाखवून पाहिला, घंटा वाजवून पाहिली. तेजल मॅडम म्हणाल्या, घंटेला कोण वळतं? ओळखीचं काहीतरी हवं.

मला आईचा जत्रेतला जुना फोटो आठवला. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, पंचविशीतली. डावीकडच्या बांधावर आई उभी केली तर? आईची हाक आली तर?

२८ सप्टेंबर

आईचा आवाज रेकॉर्ड केला. आवाज घुमू नये म्हणून तिला डोक्यावरून गोधडी घेऊन बसवलं. तिने आधी अगदी तोंडातल्या तोंडात म्हटलं, "अवं, हिकडं बघा."

"आई, असं नाही. शेतातून हाक मारतेस तशी."

"घरात कसं वरडू?"

"गोधडी आहे ना. मार."

मग तिने मारली. "अवंऽऽ! हिकडं बघा की!" शेजारच्या झुंबरबाई धावत आल्या, काय झालं म्हणून. आम्ही दोघी हसलो. आई आतूनच म्हणाली, "ह्ये ऐकत्याल व्हय गं ते?"

"ऐकतील."

"मग बरं."

गोधडीतून बाहेर यायला तिला जरा वेळ लागला. चेहरा ओला होता. आत फार उकडलं असणार.

३ ऑक्टोबर

वळले! आज आबा वळले!

बांधावरून हाक आली तशी त्यांची मान थबकली, मग हळूहळू डावीकडे सरकायला लागली, जणू गंजलेलं दार कोणी ढकलतंय. पार खांद्यापर्यंत गेली. आणि आबा हसले. झटक्यानंतर तसे हसलेच नव्हते. "शालू," म्हणाले, "तू कवा आलीस?"

मी जोरात टाळ्या वाजवल्या. आई दारात उभी होती. मी म्हटलं, "बघितलंस?" ती म्हणाली, "बघितलं," आणि चुलीकडे गेली. दूध उतू जात होतं म्हणे. मला तर काही वास आला नाही.

६ ऑक्टोबर

स्कोअर रोज वाढतोय. आता डावीकडून आलेली निम्म्याहून जास्त पाखरं टिपतात. मी आलेख काढून तेजल मॅडमना दाखवला. त्यांनी कौतुक केलं आणि मग आबांना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. आबांनी बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले.

"खेळात जमतंय म्हणजे बाहेर जमेलच असं नाही," मॅडम म्हणाल्या. "हाक कधी येणार, कुठून येणार, हे त्यांना तिथे पाठ झालेलं असू शकतं."

मला राग आला. एका माणसाने पाच महिन्यांत पहिल्यांदा मान वळवली आणि हिला घड्याळाचं पडलंय. अमृत म्हणाला, मनावर घेऊ नकोस. त्याने आमच्या साहेबांना व्हिडिओ दाखवला. साहेब पुण्यातल्या एका हॉस्पिटलशी बोलणार आहेत. दिवाळीनंतर दाखवायला न्यायचंय.

८ ऑक्टोबर

आज गंमत झाली. आई चहा घेऊन कॉटच्या डाव्या अंगाला आली आणि म्हणाली, "अवं, च्या घ्या." आबा एकदम ताठ बसले. उजवीकडे माझ्याकडे बघून म्हणाले, "समे, ते यंत्र लाव डोळ्याला. शालू बोलावतीय."

मला हसू आवरेना. "आबा, आई इथेच आहे!"

"व्हय व्हय. लाव की लवकर. पाखरं आली असत्याल."

अमृतला कळवलं. म्हणाला, खेळ एवढा खरा वाटावा, यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कुठलं? आईने चहा तिथेच स्टुलावर ठेवला. आबांनी घेतला नाही. संध्याकाळी बघते तर वर साय धरलेली.

११ ऑक्टोबर

आता जरा माझ्याबद्दल. सकाळी परसात उभी होते. रामफळावर चिमणी बसली आणि उडाली, आणि मला वाटलं, हिचं वळण नीट झालेलं नाही, मध्ये दोन फ्रेम गळल्यात. खरीखुरी चिमणी! डोंगराकडे बघितलं तर धुकं फिकं वाटलं, माझ्या डोंगरावरचं जास्त बरं आहे. मग हसले. पण आत जाऊन हेडसेट घातल्यावर जिवाला बरं वाटलं, हेही खरं. तिथे सगळं जिथल्या तिथे आहे.

आबांनाही तसंच होत असेल का? आजकाल हेडसेट काढला की चिडचिड करतात. "हितं काय हाय बघण्यासारखं?" म्हणतात. मी वेळ वाढवून दिलाय. सराव तर जास्त होतोय.

सकाळी आई घरात नसते. कुठे जाते विचारायचं राहूनच जातं. बाहेर कोणीतरी तास न् तास डबा बडवत असतं, आवाज माझ्या रेकॉर्डिंगमध्ये येतो. खिडकी लावून घ्यावी लागते.

१६ ऑक्टोबर

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते.

काल सकाळी आबांचा खेळ झाला आणि ते खुर्चीत डोळे मिटून बसले. मी त्यांच्या शेजारीच हेडसेट घालून, कानांवर हेडफोन चढवून पोपटांचे पंख दुरुस्त करत होते. किती वेळ गेला माहीत नाही. काढलं तेव्हा खुर्ची रिकामी होती. दार उघडं. काठी नाही.

मी आधी मोरीत बघितलं, मग गोठ्यात, मग रस्त्यावर धावले. झुंबरबाई ओट्यावरून ओरडल्या, "अगं, वरच्या तुकड्याकडं गेल्यात आबा! मला वाटलं तूच धाडलंस!"

बांधावरून पळताना दिसलं, खालच्या खाचरात भात आडवं झालेलं आणि त्यात आई बसलेली. तिच्या मांडीवर आबांचं डोकं. बाजूला पत्र्याचा डबा आणि एक दांडकं पडलेलं. सगळीकडे पाखरं होती. भात निसवून दाणे भरलेत, हे मी त्याच क्षणी पाहिलं. रोज सकाळी तो डबा आईच बडवत होती.

आबांचा डावा हात मनगटात भलताच वाकडा झाला होता. त्यांना त्याचं काही नव्हतं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "समे, आज पडायला कसं आलं? माळ्यावनं कवा पडत न्हाई मी."

तळेगावच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं. आबांनी ते बघितलं, म्हणजे मी धरून त्यांच्या तोंडासमोर आणलं तेव्हा, आणि नर्सला विचारलं, "ह्यो कुणाचा हात बांदलाय?"

मी बाहेर व्हरांड्यात येऊन रडले. आई माझ्या मागून आली. तीही रडत होती, पण तिचा चेहरा वेगळाच होता.

"वळलं गं ते," ती म्हणाली.

"काय?"

"मला बांधावर दिसलं, एकलंच येत व्हतं. मी वरडले, अवं, थांबा तितंच! तसं वळलं. माझ्याकडं. पार हिकडं, डाव्या अंगाला, तोंड भरून बघितलं माझ्याकडं. अन् सरळ चालाया लागलं. बांध हाय का काय, बघितलंच न्हाई."

हात मोडलाय आणि ही काय सांगतेय, असंच पहिल्यांदा वाटलं.

१८ ऑक्टोबर

आईच्या सांगण्यावरून मन हटत नाही. खेळाने त्यांना वळायला शिकवलं आणि ते खऱ्या हाकेला वळले. म्हणजे तेजल मॅडम चुकल्या. आणि वळल्यावर पायाखाली बघायचं असतं हे खेळाने कधी शिकवलंच नाही, कारण माझ्या शेतात कोणी पडत नाही. मीच तसं केलंय. म्हणजे मॅडम बरोबर होत्या. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकाच पावलात झालं.

अमृतचा फोन आला. घाबरला होता. शेवटी म्हणाला, "हॉस्पिटलला हे सांगायचं का?" मी म्हटलं, मला विचार करू दे.

१९ ऑक्टोबर

दुपारी आबा झोपले होते. आई आली आणि म्हणाली, "मला दाव."

"काय?"

"त्ये. तेंना काय दिसतंय त्ये."

मी हेडसेट तिच्या डोक्यावर बसवला, अंबाड्यामुळे पट्टा सैल करावा लागला. ती मधोमध उभी राहिली, दोन्ही हात जरा पुढे धरून. डोंगर बघितला. "रिसाट कुटं गेलं?" म्हणाली. मग हाक आली, तिचीच, आणि ती डावीकडे वळली. आणि थांबली.

पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत होती.

"ही मी हाय व्हय?"

"हो. जत्रेतल्या फोटोवरून केली."

"चांगली केलीयास." मग काही वेळाने, "ही लय जवळ उबी हाय तेंच्या."

हेडसेट काढून तिने मला दिला. डोळे चोळले. मी विचारलं, आई, तुला राग आलाय का? ती कॉटकडे बघत म्हणाली, "त्या म्याडम म्हणाल्या डाव्या अंगाला बसा. मी बसले. मे पास्नं बसले. जेवाया वाढलं, पाय चेपलं, रोज बोलले. एक दिस म्हणून तेंनी बघितलं न्हाई. मला वाटलं, हाय त्ये असं. आजार हाय. मग तू ही बाई आणलीस अन् हिच्याकडं बघाया लागलं. आवाज बी माझाच."

कॉटच्या पलीकडची तिची जागा मी इतके महिने रोज बघत होते. अलीकडे ये, असं तिला वर सांगत होते. आबा माझ्याशी इतकं बोलायला लागले ते मी त्यांची लाडकी झाले म्हणून, असं धरून चालले होते. मी फक्त उजवीकडे बसत होते.

"काढून टाकते तिला," मी म्हटलं.

आई म्हणाली, "काढ. पर पाखरं ऱ्हाऊ दे. पाखरांत तेंचा जीव रमतो."

२४ ऑक्टोबर

बांधावरची बाई काढली. फार वेळ लागला नाही. हाकही काढली. बांधाला उतार दिला, वळून बघताना पायाखालचंही दिसावं म्हणून. रिसॉर्ट परत आणलं, हायवेही.

आबांनी हेडसेट घातला आणि म्हणाले, "मोडलं का काय हे? शालू कुटं गेली?" मी म्हटलं, येईल. स्कोअर एकदम पडला. ते चिडले, गोफण टाकून दिली, दुसऱ्या दिवशी घालायलाच तयार नव्हते.

तेजल मॅडमना सगळं सांगितलं. वाटलं होतं रागावतील. त्या म्हणाल्या, "मान वळतेय ना? मग आता ती वळलेली असताना तिथे खरं काहीतरी भेटलं पाहिजे." आम्ही तिघी बसून बोललो. ठरलं ते असं: आबा खेळत असताना आई डाव्या अंगाला उभी राहील आणि स्वतः हाक मारेल. मान पूर्ण वळली की मी हेडसेट वर उचलायचा.

आई म्हणाली, "अन् न्हाई वळलं तर?"

मॅडम म्हणाल्या, "तर पुन्हा मारायची."

२८ ऑक्टोबर

चार दिवस झाले. हाक ऐकून थबकतात, पण मान समोरच थांबते. आज आईचा आवाज बसला. मीठ घालून कोमट पाणी दिलं. पाखरं हाकायला सकाळी मी गेले. डबा बडवून दोन्ही दंड भरून आले. पाखरं माझं अजिबात ऐकत नाहीत, डाव्या खाचरातून उठवली की उजव्यात बसतात.

अमृतला सांगितलं की आबा पडले त्यासकट सगळं लिहून हॉस्पिटलला दे, नाहीतर माझं नाव काढ. साहेब नाराज आहेत. दिवाळीनंतरची भेट पुढे ढकलली. अमृतने मात्र लिहून दिलं. वाईट वाटलं का? वाटलं. पुष्कळ लोकांना उपयोग होईल असं वाटत होतं, आणि माझं नाव होईल असंही वाटत होतं.

६ नोव्हेंबर

आज कापणीला माणसं लागली. दुपारी घरात आम्ही तिघंच. आबा खुर्चीत, डोळ्यांवर हेडसेट, उजवा हात डोक्यावर फिरतोय. आई डाव्या अंगाला उभी, ओचा खोचलेला, केसांत भाताची कुसळं. बसक्याच आवाजात तिने हाक मारली, "अवं, हिकडं बघा की."

हात थांबला. मान हलली. समोर आली, थांबली. आईने पुन्हा मारली नाही, नुसती उभी राहिली. आणि मान पुढे सरकली. आणखी. खांद्यापर्यंत.

मी हेडसेट उचलला.

आबांनी उजेडाला डोळे बारीक केले. मग उघडले. आईकडे बघत राहिले. कपाळ, पांढरे केस, गळा, हात. वरपासून खालपर्यंत, आणि पुन्हा वर. मला वाटलं ओळखत नाहीत.

"शालू?" ते म्हणाले.

"व्हय."

"तू म्हातारी कवा झालीस?"

आई हसली. पदर तोंडाला लावून हसली. "तुमी तिकडं बघत व्हता तवा," म्हणाली.

आबाही हसले. त्यांनी उजवा हात लांबवला, खुर्चीवरून पुष्कळ वाकावं लागलं त्यांना, आणि तिच्या केसांतलं एक कुसळ काढून बोटांत धरून बघितलं. "कापनी लावली व्हय?" विचारलं. "मला कुनी बोललं न्हाई." आई सांगायला लागली, कोण कोण आलंय, कुठल्या तुकड्यापासून धरलंय. ते ऐकत होते. तिच्याकडे बघून ऐकत होते.

मग तिचं बोलणं चालू असतानाच त्यांची नजर ढळली. मान हळूहळू समोर आली, मग उजवीकडे, आणि ते माझ्याकडे बघून म्हणाले, "समे, तुझी आय कुटं गेली? आत्ता हितं व्हती."

मी आईकडे बघितलं. तिने केस मागे सारले, घसा खाकरला आणि पुन्हा हाक मारली.